माहेरच्या गावाजवळ भाड्याची खोली

मांजर माझ्या बॅगेवर बसलं होतं. चारही पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून, जणू बॅग त्याचीच आणि मीच तिथं चुकून आलेली. मी 'शुक् शुक्' केलं. त्यानं एक कान हलवला, एवढंच. दारातून शांतक्का म्हणाल्या, "असू दे, असू दे. ते मेष्ट्रू हाय. शाळामास्तर. नवीन माणूस आलं की आधी त्याचं सामान तपासतंय."

धारवाडातलं ते बैठं कौलारू घर. पुढं पेरू आणि चाफा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांवर मांजरांचे केस. शांतक्का शाळेतून निवृत्त झाल्या, मुलं परदेशी गेली, तेव्हा त्यांनी बाजूच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. राहायचं, सकाळी त्यांच्या हातचा नाष्टा करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. ह्याला हल्ली होम स्टे म्हणतात. फाटकावर घराच्या नावाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: 'इथं मांजरं राहतात. त्यांची हरकत नसेल तर आपणही राहा.' तशी मांजरं तीनच. मेष्ट्रू म्हणजे एका डोळ्यानं अधू म्हातारा बोका, काळा करिया, आणि राणी, जी नुकतीच व्याली होती आणि पिल्लांसाठी रोज नवी जागा शोधत होती.

पलंग मऊ होता. चादर पांढरी होती. न्हाणीघरात बटण दाबलं की गरम पाणी. खिडकीतून चाफ्याचा वास येत होता. सगळं छान होतं. लाजेची गोष्ट एकच होती, की माझं माहेर तिथून बसनं तासाभराच्याही आत होतं.

माझ्या भावाचा, अण्णाचा फोन महिन्याभरापूर्वीच आला होता. "पंचमीला येतीस नव्हं? वैनीनं उंडीसाठी शेंगा निवडायला घेतल्यात. चार दिवस राहायचं बघ." आमच्या हुबळीकडे नागपंचमी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला आली नाहीस तरी चालतं. पंचमीला आली नाहीस तर गल्ली विचारते. मी म्हणाले, "चार दिवस नाही जमायचं अण्णा. पंचमीदिवशी सकाळच्या गाडीनं पोचते, संध्याकाळी निघते." तो "बरं" म्हणाला. आणि मी दोन दिवस आधीच येऊन धारवाडात उतरले, पुण्याहून कुणी परकी बाई यावी तशी, पाठ टेकायला आणि ताजीतवानी होऊन माहेरी जायला.

कारणं विचाराल तर ढीगभर सांगता येतील. गुडघे, उभा जिना, खाली असलेला संडास. मागच्या खेपेला वैनी मला खोली देऊन स्वतः स्वयंपाकघरात ओट्यापाशी झोपल्या, ते बघवलं नाही, असंही म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. पण मनातलं सांगायचं तर मला ते घर नको होतं. माणसं हवी होती, सणापुरती. घर नको होतं. अण्णाला हे कळलं तर तो भांडणार नाही. आमच्या घरात कुणी भांडत नाही, तीच तर पंचाईत आहे. तो पुन्हा एकदा "बरं" म्हणेल आणि पुढच्या पंचमीला त्याचा फोन येणार नाही. माहेर तुटतं ते असंच तुटतं, भांडं फुटल्यासारखा आवाजसुद्धा होत नाही. आई-अप्पा गेल्यावर माझं माहेर म्हणजे बोलावण्याचा तो एक फोनच तर उरला होता.

म्हणून मेष्ट्रूकडे बघत मी त्या मऊ पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिले. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही, असं आई म्हणायची. ती बहुधा माझ्याकडे बघूनच म्हणायची.

आमच्या दुकानात मांजर नव्हतं असा काळ मला आठवत नाही. दाजीबानपेठेत खाली कापडाचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. खण, इरकली लुगडी, धोतरजोड्या, पटक्याचं कापड. कोऱ्या कापडाला उंदीर फार. शेजारीच दुर्गदबैलातली धान्याची दुकानं, तिथले माजलेले उंदीर चव बदलायला आमच्याकडे येत असावेत. त्यामुळं मांजर हा दुकानाचा माणूसच होता. अप्पा सकाळी फळ्या उघडत, पाणी शिंपडत, उदबत्ती लावत, आणि चहाच्या दुधातलं पहिलं दूध मांजराच्या बशीत ओतत. गिऱ्हाईक त्यानंतर. पाडव्याला कात्रीला, गजाला, गल्ल्याला हळदकुंकू लागे, तेव्हा त्या कान तुटक्या बशीलाही एक बोट लागे. आई हसायची. अप्पा म्हणायचे, "हसतीस काय? राखण कोण करतंय? देव काय रात्री उंदीर धरतोय?"

आणि त्यांचा एक कायदा होता. बसलेल्या मांजराला उठवायचं नाही. गादीवर बसलं असेल तर गिऱ्हाईक बाजूला बसेल. मांडीवर बसलं असेल तर ते आपण होऊन उठेपर्यंत तुम्ही जागचं हलायचं नाही. अण्णा आणि मी अभ्यास चुकवायला ह्या कायद्याचा उपयोग करत असू. "आई, कशी येऊ? मांजर बसलंय." वरून आईचा आवाज येई, "मांजर बसलंय का मांजराला बसवलंय?"

एकदा आमची चांदी नावाची मांजर इरकली लुगड्यांच्या गठ्ठ्यावर व्याली. नेमकी लग्नसराई. कलघटगीकडची एक बाई लेकीचा बस्ता बांधायला आली होती, बरोबर बायका-पोरांचा लवाजमा. तिला हवं होतं ते हिरवं लुगडं, रुंद लाल काठाचं, त्याच गठ्ठ्यात मधोमध. अप्पांनी हात जोडले.

"अक्का, ते आज नाही देता येत. बाळंतीण हाय."

"कोण बाळंतीण?" बाई घाबरून वर आमच्या खोल्यांकडे बघायला लागली.

अप्पांनी गठ्ठ्यावरचं फडकं जरासं बाजूला केलं. चांदीनं एक डोळा उघडून बाईकडे पाहिलं. पोटाशी पिल्लं लुचत होती. मला वाटलं आता ही बाई उठून समोरच्या दुकानात जाणार. ती वाकून बघत राहिली, मग पदर सावरत म्हणाली, "हौदु बिडरी, बाणंती इद्दाळ." म्हणजे, होय हो, बाळंतीणच आहे. बाकीचा बस्ता बांधून ती निघून गेली, आणि पिल्लांचे डोळे उघडल्यावर चांदीनं आपलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं, तेव्हा पुन्हा बसनं येऊन तेच लुगडं घेऊन गेली. अप्पांनी ते झटकलं, त्यावर धुपाचा धूर फिरवला, आणि आईनं बाईची ओटी भरली. ते लुगडं नेसून लग्न झालेली पोर आता आजी झाली असेल.

पण मला खरी आठवते ती पंचमी. सकाळपासून घरात शेंगा भाजल्याचा खमंग वास, गुळाच्या पाकाचा वास, आणि आईच्या हातांना तूप. उंडी म्हणजे भाजल्या शेंगांचे गुळातले लाडू. आई प्रत्येक उंडी वळून झाली की तिच्या डोक्यावर अंगठ्यानं एक खळगा पाडी आणि त्यात चिमूटभर खसखस दाबी. का, ते तिलाही माहीत नव्हतं. "माझ्या आईनं पाडला म्हणून मी पाडते. तू पण पाडशील." मी कधी पाडला नाही. पुण्यात उंडी कुणी करत नाही, आणि मिळतात ते लाडू गुळगुळीत असतात.

दुपारपर्यंत आत्या यायच्या. दारात त्यांना थांबवायचं. आई तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन यायची, पायांवर पाणी, डोळ्यांना पाण्याचं बोट, मग तुकडा ओवाळून बाजूला टाकायचा. वाटेवरचं जे काही लागलं असेल ते तिथंच उतरायचं. टाकलेला तुकडा दुसरीकडे कुत्रं खातं. आमच्याकडे तो मांजराचा मान होता. धाकटी आत्या तर तुकडा पडायच्या आधीच "चांदी कुठाय?" म्हणून विचारायची.

आणि संध्याकाळी दुकान बंद झालं की ती जादू व्हायची. दोन खोल्यांत एवढी माणसं मावणार कुठं? मग दुकानातच झोपायचं. दुकानभर अंथरलेली ती पांढरी गादी, जिच्यावर दिवसभर आम्हाला पाय ठेवायची बंदी, ती सगळीच्या सगळी आमची. तिन्ही भिंतींना छतापर्यंत तागे. कोऱ्या कापडाचा आणि कांजीचा तो थंड, कोरडा वास. आत्या आडव्या पडल्या पडल्या हात वर करून एखाद्या ताग्याची कड नाकाशी ओढायच्या. "आलं बाई माहेर," म्हणायच्या. सासरच्या गोष्टी सांगायच्या, हसायच्या, मध्येच कुणीतरी नाक ओढायचं. मांजर सगळ्यांच्या पायांवरून फेरी मारून कुठंतरी टेकायचं आणि जिच्या पायांवर टेकेल ती पहाटेपर्यंत पाय हलवायची नाही. सकाळी हातगाड्यांच्या चाकांची खडखड सुरू झाली की जाग यायची. जगात ह्याच्याहून चांगली झोपायची जागा असेल असं मला वाटत नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी नुसतेच पलंग असतात, ह्याचं मला वाईट वाटायचं.

आणि आता मी पलंग शोधत धारवाडात आले होते.

"बर्री, या, नाष्टा तयार ऐत्री," शांतक्कांची हाक आली. पंचमीच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. बाहेर धारवाडी झिमझिम. मी व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसले. मेष्ट्रूही मागोमाग आला, माझ्या मांडीवर चढला, दोनदा गोल फिरला आणि स्थिर झाला. शांतक्कांनी उप्पीट आणलं, मग एक लहान ताटली. "आणि हे. उद्या पंचमी, म्हणून आमच्या पाहुण्यांना गोड. खाऊन बघा, असलं पुण्यात भेटणार नाही."

ताटलीत दोन उंड्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर अंगठ्याचा खळगा आणि त्यात चिमूटभर खसखस.

मला आधी काही समजलंच नाही. आई आत स्वयंपाकघरात आहे की काय, असं क्षणभर वाटलं, इतका तो खळगा तिचा होता. मी उंडी हातात धरून बसले. "ह्या तुम्ही केल्यात?"

"मी? छे! मला कुठं येतंय? हुबळीहून एक बाई देतात. दाजीबानपेठेतल्या. शेंगाचटणी, मेतकूट, भाजणी, सगळं त्यांचंच. कापडाचं दुकान होतं त्यांचं, मोठं नाव होतं म्हणे. आता बंद झालं, खाली कोण मोबाईलवाला आलाय. मालक घरीच असतात. बाई मात्र बिचाऱ्या लई खपतात. बस धरून धारवाडच्या चार घरी देऊन जातात." मग घड्याळाकडे बघून त्या म्हणाल्या, "आता येतीलच की. सणाचा डबा आणणार हायत."

उंडी माझ्या हातात तशीच राहिली. दुकान बंद झालं. खाली मोबाईलवाला आला. महिन्या-महिन्याला फोनवर 'कसं चाललंय अण्णा' विचारणाऱ्या मला 'चाललंय की' एवढंच सांगितलं गेलं होतं, आणि तेवढंच मला पुरत होतं. बॅगेत मी वैनींसाठी साडी आणली होती. कापडवाल्याच्या बायकोला साडी नेणं म्हणजे गवळ्याच्या घरी दूध नेणं, म्हणून गाडीत बसल्या बसल्या मी मनाशी हसलेही होते. आता ते हसू आठवून कानशिलं तापली.

पहिला विचार काय आला ते सांगते. 'अगं बाई, वैनी इतके कष्ट करतात' असा नाही आला. पहिला विचार आला, की खोलीत जाऊन दार लावून घ्यावं.

पण मांडीवर मेष्ट्रू होता. साठीच्या घरातली बाई मी, बोक्याला खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? हात त्याच्या पोटाखाली गेलासुद्धा. आणि गेला तसाच थांबला. बसलेल्या मांजराला उठवायचं नाही. अप्पांचा सगळ्या जन्मात मी पाळलेला एवढा एकच कायदा असेल, आणि तो नेमका त्या वेळी आडवा आला. फाटकाची कडी वाजली.

वैनी आत आल्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्यात छत्री, पदर खोचलेला. केस पार पांढरे झाले होते. चपला काढताना त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली.

त्यांच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते मला सांगता येणार नाही. आधी आनंदच आला असावा, ओठ हलले होते. मग त्यांनी माझ्या पायांतल्या सपाता बघितल्या, मांडीवरचं मांजर, समोरची ताटली, उघड्या दारातून दिसणारा माझा विस्कटलेला पलंग. त्यांना सगळं समजलं. समजायला वेळ लागावा इतकं अवघड त्यात काही नव्हतंच.

"ह्या पुण्याच्या पाहुण्या हायत," शांतक्का म्हणाल्या. "तुमची उंडी बघून नुसत्या बघतच बसल्यात."

वैनींनी हात जोडले. मला. "नमस्कार," त्या म्हणाल्या. "आवडली काय हो उंडी?"

तेव्हा 'वैनी' म्हणून हाक मारायची होती. एवढा एक शब्द. शांतक्कांना काय वाटलं असतं? काही नाही, त्या हसल्या असत्या, चहा ठेवला असता. पण मी म्हणाले, "हो. छान झालीय."

परक्या बाईला सांगावं तसं. जिनं माझ्या आईचं शेवटचं दुखणं काढलं, तिला. अजून हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

वैनींनी डबा टेबलावर ठेवला. राणी पिल्लू तोंडात धरून त्यांच्या पायांतून गेली. "हिचं फिरणं चालूच हाय वाटतं," वैनी हसून म्हणाल्या. "सात घरं दाखवल्याशिवाय थांबायची नाही." मग शांतक्कांना म्हणाल्या, "अक्का, उद्या-परवा मी येत नाही हं. उद्या माझी नणंद येणार हाय पुण्याहून. सकाळच्या गाडीनं. तिला उंडीत गूळ जास्त लागतो, तिच्या वेगळ्या करून ठेवल्यात." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डब्याचं झाकण बसवत होत्या. ते काही केल्या बसत नव्हतं.

"लकी हाय तुमची नणंद," शांतक्का म्हणाल्या.

"लांबून येती बिचारी," वैनी म्हणाल्या, छत्री उघडली आणि गेल्या.

मेष्ट्रूला खाली ठेवून मी उठले तेव्हा फाटकाबाहेर कुणी नव्हतं. कायदा मोडला, पण फार उशिरा मोडला. सपातांत चिखल भरला, तशीच कोपऱ्यापर्यंत गेले. बस निघून गेली होती. कुणी हाक मारलीच नाही, तर ती थांबेल कशी? परत येऊन बघते तर राणीनं पिल्लं आणून माझ्या उघड्या बॅगेत, वैनींसाठी घेतलेल्या साडीवर ठेवली होती. शांतक्का "अय्यय्यो" करत उचलायला धावल्या. मी म्हटलं, "राहू दे अक्का. बाळंतीण आहे." त्या दिवशी मी बॅगेला हात लावला नाही. पलंगावर आडवी होऊन पिल्लांचं बारीक म्यांवम्यांव ऐकत राहिले. तेवढीच एक गोष्ट त्या खोलीत माझ्या माहेरची होती, आणि तीही माझी नव्हती.

पंचमीला सकाळी राणीनं आपण होऊन बिऱ्हाड हलवलं. मी साडी झटकली, शांतक्कांकडून उदबत्ती मागून तिचा धूर साडीवर फिरवला, आणि पहिल्या बसनं हुबळीला गेले. दाजीबानपेठ तीच. सणाची गर्दी, फुलवाले, हातगाड्या, रिक्षांचे हॉर्न. आमच्या दुकानाच्या जागी काचेचं दार, आत निळे दिवे, टांगलेली मोबाईलची रंगीबेरंगी कव्हरं. बाजूच्या जिन्यापाशी वैनी उभ्या होत्या. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मी उंबऱ्याशी थांबले आणि डोळे मिटून घेतले. पायांवर पाणी पडलं. मग काही क्षण काहीच झालं नाही.

"डोळे उघडा वन्सं," वैनी हळूच म्हणाल्या. "पाणी लावायचंय."

मी उघडले. त्यांनी दोन्ही डोळ्यांना ओलं बोट लावलं, तुकडा ओवाळला आणि टाकला. खाली मांजर नव्हतं. तुकडा काचेच्या दारापाशी पडून राहिला.

अण्णा वर आरामखुर्चीत होता. वाळलाय. मला बघून उठायला लागला. "गाडी वेळेवर आली?"

मी तोंड उघडायच्या आत वैनी म्हणाल्या, "वेळेवर कुठली? लेटच असती ती. दमल्यात, आधी चहा तर घेऊ दे." आणि त्या आत गेल्या. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "वैनी, काल मी..."

"शेंगा करपतील," त्या म्हणाल्या. कढईत काहीच नव्हतं.

मग मी बॅग उघडून साडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घडी मोडली, आणि बघायच्या आधी नाकाशी नेली. डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. "कांजीचा वास हाय अजून," म्हणाल्या. "घरात कोरं कापड येऊन लई दिवस झाले." त्यात मांजराचा आणि उदबत्तीचाही वास असणार.

जेवणं झाली. अण्णा आत झोपला. "संध्याकाळी निघायचं म्हणतासा, तर घटकाभर पडा," म्हणून वैनींनी माळ्यावरून एक वळकटी ओढली आणि पुढच्या खोलीत अंथरली. ती दुकानातली गादी होती. अख्खी नाही, तिचा एक तुकडा, नव्यानं शिवलेला, वर पांढरी खोळ. "बाकीची दिली. एवढी तुमच्यासाठी ठेवली. उन्हात घालायला ऊन कुठं पडतंय, चुलीपाशी ठेवून वाळवलीया."

मी त्या गादीवर आडवी झाले. हात आपोआप वर गेला. वर भिंत होती. वैनी शेजारी जमिनीवर बसल्या, पाय पसरून, गुडघे चोळत. खालून मोबाईलवाल्याकडचं गाणं ऐकू येत होतं. मी ठरवलं होतं, की संध्याकाळी जायचं नाही. चार दिवस राहायचं. ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात वैनीच बोलल्या. टोमणा असता तर मी तो झेलला असता, मला तो हवाच होता. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. बसनं चार घरी डबे देणारी, व्हरांड्याच्या पुढं कधी न गेलेली बाई जसं विचारेल, तसं त्यांनी विचारलं.

"वन्सं, त्या खोल्या मी आतनं कधी बघितल्या नाहीत. तिथली गादी लई मऊ असती काय हो?"

मी भिंतीकडे तोंड वळवलं. "असते," मी म्हणाले.

"बरं झालं," वैनी म्हणाल्या. "तुमची झोप तरी झाली." आणि त्यांनी पांघरूण माझ्या पायांवर ओढलं.